मोज्याची शिवण आणि घरच्यांचा संशय

प्रश्न: माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मोज्याची शिवण बोटांवर आली की ती मोजे ओढून फेकते. फ्रॉकच्या मानेमागचं लेबल टोचतं म्हणून रडते. मिक्सर लावला की कानांवर हात ठेवून दुसऱ्या खोलीत पळते. कुणी मागून येऊन गालावरून हात फिरवला तर किंचाळते. केस विंचरणं आणि नखं कापणं ही रोजची लढाई आहे. उलट झोपाळ्यावर कितीही वेळ बसली तरी तिचं पोट भरत नाही आणि सोफ्यावरून उड्या मारणं थांबत नाही. शाळेत मात्र तिची काही तक्रार नसते. डॉक्टरांना दाखवलं, कान तपासून घेतले, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडेही (रोजच्या कामांतल्या अडचणींवर मदत करणारे तज्ज्ञ) गेलो. तिची सेन्सरी प्रोसेसिंग, म्हणजे स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदना मेंदूने हाताळण्याची पद्धत, वेगळी आहे, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई म्हणतात, ‘नाटकं आहेत. तू लाडावून ठेवलंयस.’ मोठ्या जाऊबाई म्हणतात, ‘मी इंटरनेटवर वाचलं, असा आजारच नाही.’ एका मैत्रिणीने तर आम्हाला घरी बोलावणंच बंद केलं आहे. नवऱ्याला सगळं पटतं, पण आईसमोर तो गप्प बसतो. पुढच्या महिन्यात सगळे नातेवाईक दोन दिवस एकत्र राहणार आहेत. यांना कसं समजावू?
– एक आई

उत्तर: शाळेत मात्र तिची काही तक्रार नसते, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला वाटतं, घरातला बराचसा संशय याच खुंटीवर टांगलेला आहे. शाळेत जमतं, मग घरी का नाही? स्वतः डबे बडवते तेव्हा हिचे कान दुखत नाहीत का? काल हाच फ्रॉक घातला होता ना? एवढी नाजूक आहे, तर सोफ्यावरून उड्या कशी मारते? सासूबाई दुष्ट आहेत म्हणून असं विचारतात, असं मला वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वागण्यात मेळ दिसला नाही की तो ‘नाटक’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना ‘सेन्सरी’ या शब्दाने सुरुवात करू नका. न जुळणाऱ्या या गोष्टींपासूनच सुरुवात करा.

त्याआधी एक विनंती. सगळ्यांना पटवायचंच, हा ध्यास सोडा. वीसेक वर्षं मी अशा मुलांच्या घरच्यांशी बोलते आहे, आणि सगळ्यांना पटवण्याच्या नादात थकून गेलेल्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत. तुमच्या मुलीला आजीच्या मताने फारसा फरक पडत नाही. आजी मागून येऊन गालाला हात लावते की समोर येऊन विचारते, याने पडतो. मत बदलायला वर्षं लागतात. एखादी सवय बदलायला ‘बरं बाई, तू म्हणतेस तर’ एवढंच पुरतं. प्रत्येक माणसाकडून नेमकी कोणती एक गोष्ट हवी आहे, हे आधी ठरवा आणि तेवढीच मागा.

आता मुलीच्या शरीरात काय होतं, ते घरात सांगता येईल अशा भाषेत मांडते.

मनगटावर घड्याळ बांधलं की पहिली दोन मिनिटं पट्टा जाणवतो. नंतर घड्याळ हातावर आहे हेही आपण विसरतो. पट्टा त्वचेला टेकलेलाच असतो, पण ‘हे कळलं, आता पुन्हा पुन्हा सांगू नकोस’ म्हणून मेंदू तो निरोप मागे टाकतो. अंगावरचे कपडे, पंख्याचा आवाज, खुर्चीची कड, सगळ्यांचं असंच होतं. काही मुलांच्या मेंदूला हे मागे टाकणं नीट जमत नाही. मोज्याची शिवण पहिल्या क्षणाला जशी टोचते, तशीच ती विसाव्या मिनिटालाही टोचत राहते. सासूबाईंना एवढंच सांगा: तुम्हाला घड्याळ पाच मिनिटांत विसरता येतं, हिला मोजा दिवसभर विसरता येत नाही.

यावर कुणी ‘हे सगळं तिच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणालं, तर सांगायला एक गोष्ट आहे. 1999 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा मुलांना आवाज, वास, स्पर्श, झुलणं असे अनुभव एकामागून एक दिले आणि त्या वेळी त्यांच्या त्वचेवरच्या घामाची सूक्ष्म प्रतिक्रिया यंत्राने मोजली. इतर मुलांपेक्षा या मुलांची प्रतिक्रिया मोठी होती, आणि तोच अनुभव पुन्हा पुन्हा दिला तरी ती लवकर ओसरत नव्हती. रडण्याचं सोंग आणता येतं. त्वचेतल्या घामाचं सोंग सहा वर्षांच्या मुलीला आणता येणार नाही. 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात अशा 16 मुलग्यांच्या मेंदूचे स्कॅन झाले, तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात माहिती वाहून नेणाऱ्या तंतूंच्या जोडण्यांमध्ये इतर मुलांच्या तुलनेत फरक आढळला. 16 ही फार छोटी संख्या आहे, म्हणून त्याचा डांगोरा पिटू नका. पण ‘काही नाहीच’ म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून ते सांगायला हरकत नाही.

आता त्या न जुळणाऱ्या गोष्टी एकेक करून घेते. घरातली माणसं अडतात ती इथेच.

स्वतः डबे बडवते आणि मिक्सर लावला की पळते, ही मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली शंका आहे. तिचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते प्रत्येकाला स्वतःच्या अंगावर करून पाहता येतं. स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. दुसऱ्याने त्याच जागी, तेवढ्याच हलक्या हाताने केल्या की होतात. 1998 साली लंडनच्या संशोधकांनी हे मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं. आपली हालचाल आपणच करत असलो की तिचा परिणाम काय होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि त्या संवेदनेची धार कमी करतो. डबे बडवताना पुढचा आवाज कधी येणार, किती मोठा येणार, कधी थांबणार, हे तिच्या हातात असतं. मिक्सर दुसऱ्याच्या हातात असतो. म्हणून तो लावण्याआधी ‘आता मिक्सर लावते हं, दहा आकडे मोजेपर्यंत’ असं सांगा आणि जमलं तर बटण तिलाच दाबू द्या. फरक दिसेल. हा प्रयोग सासूबाईंसमोर करा. माझ्या दहा वाक्यांपेक्षा तो जास्त बोलेल.

शाळेत नीट राहते आणि घरी आकांडतांडव करते, हीसुद्धा तशीच शंका. दिवसभर चावणारे बूट घालून काम करणारा माणूस घरात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा बूटच काढतो. कामावर तो लंगडला नाही म्हणून त्याचे बूट चावत नव्हते असं होत नाही. बरीच मुलं शाळेत सगळं गिळून बसतात. बाई काय म्हणतील, मुलं हसतील, ही भीती असते. दार उघडून आई दिसली की ते आवरलेलं सगळं बाहेर येतं. ‘तुझ्यासमोरच जास्त करते’ हे वाक्य तुम्हाला टोमण्यासारखं लागत असणार. ते खरंही आहे, कारण आईसमोर तिला आवरून धरावं लागत नाही.

काल चाललं आणि आज का नाही, याचं उत्तर सोपं आहे. रात्री झोप कमी झाली, सर्दी झाली, भूक लागली, शाळेत गोंगाट होता, की तिच्यातली सोसायची जागा आधीच भरलेली असते. मग शिवण नेहमीचीच असली तरी भांडं ओसंडतं. आपणही डोकं दुखत असताना ज्या आवाजावर खेकसतो, तो आदल्या दिवशी ऐकूनही न ऐकल्यासारखा करतो.

राहिल्या उड्या. शाळेत आपल्याला पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात. त्यांच्याखेरीज तोल आणि गती सांगणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते, अंग कुठे आहे आणि किती जोर लावला आहे हे स्नायू आणि सांधे सांगतात, आणि भूक, तहान, लघवीची जाणीव शरीराच्या आतून येते. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन आयर्स यांनी हा विषय मांडताना तोल, स्नायू-सांधे आणि स्पर्श यांवर फार भर दिला. त्यांचं मुख्य पुस्तक 1972 साली आलं. एकाच मुलाच्या संवेदनांच्या काही वाटा फार मोठ्याने बोलतात आणि काही फार हळू, असं होऊ शकतं. तुमच्या मुलीला हलका स्पर्श आणि अचानक आलेला आवाज जास्त लागतो. गती आणि सांध्यांना बसणारा दणका मात्र तिला कमी पोचतो, म्हणून ती तो शोधत फिरते. यात विसंगती काहीच नाही, वाटाच वेगवेगळ्या आहेत.

स्पर्शाबद्दल आजीला जरा सविस्तर सांगा, कारण तिच्या प्रेमाचा रस्ता तोच आहे. नात आपल्याला झटकते याचं दुःख फार खोल असतं, आणि ‘नाटकं’ या शब्दामागे मला तेच ऐकू येतं. हलका, फिरता, मागून आलेला हात अशा मुलांना नको होतो. समोरून, सांगून दिलेला घट्ट, स्थिर दाब मात्र बऱ्याच जणांना हवा असतो. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक (स्वमग्न) शास्त्रज्ञ बाईंचं उदाहरण द्या. लहानपणी कुणी मिठी मारली की त्यांचं अंग आखडायचं, पण दाबाची भूक होती. किशोरवयात एका नातलगाच्या रँचवर गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा पिंजरा त्यांनी पाहिला. आत गेलेली जनावरं शांत होतात हेही पाहिलं. मग त्यांनी स्वतःसाठी तसंच दाब देणारं यंत्र तयार केलं. आजीला यंत्राची गरज नाही. ‘मिठी मारू का? घट्ट की छोटी?’ एवढं विचारायचं आणि उत्तर ‘नको’ आलं तर हसून हात पुढे करायचा, टाळीसाठी. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी हे तीन आठवडे नेटाने केलं. चौथ्या आठवड्यात नातू पाठमोरा येऊन त्यांच्या मांडीवर आपटून बसला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्याच्या दंडांवर दोन्ही हात घट्ट ठेवून बसून राहिल्या.

आणखी एक मार्ग आहे, तो मी तर नेहमी वापरते. समोरच्याला त्याच्या स्वतःच्या अंगाबद्दल विचारा. एका मुलाचे आजोबा माझ्यासमोर हाताची घडी घालून बसले होते. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, दोन ठेवून दिल्या की मुलं सुतासारखी सरळ व्हायची, असं त्यांचं चाललं होतं. मी विचारलं, ‘काका, तुम्हाला कोणता स्पर्श अजिबात चालत नाही?’ ते जरा गप्प झाले. मग मान वाकवून त्यांनी शर्टाची कॉलर उलटी करून दाखवली. लेबलाच्या जागी कापलेल्या दोऱ्यांची बारीक कुसं उरली होती. ‘नवा शर्ट आला की ब्लेडने आधी हे काढतो. पन्नास वर्षं झाली. हिला माहीत आहे,’ म्हणाले आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. नातवाकडे पाहायला त्यांना आणखी जरा वेळ लागला. प्रत्येक घरात असा आजोबा निघेलच असं नाही. पण खडू फळ्यावर कर्रकन् घासल्याचा आवाज, ओली बाही, लोकरीचा स्वेटर, यातलं काही ना काही जवळपास प्रत्येकाला असतंच. सासूबाईंना विचारा. त्यांचं उत्तर आलं की त्यात भर घालू नका. ‘तिला असं दिवसातून तीस वेळा होतं’ एवढंच म्हणा.

आता जाऊबाई. त्यांना तोडून टाकू नका, कारण त्यांनी वाचलेलं अगदीच खोटं नाही. ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान म्हणून 2013 सालच्या डीएसएम-5 मध्ये नाही. डीएसएम म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानाची सूची. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने 2012 साली आपल्या बालरोगतज्ज्ञांना सांगितलं की हे स्वतंत्र निदान साधारणपणे वापरू नये, आणि अशी लक्षणं असलेल्या मुलांमध्ये विकासाच्या इतर अडचणी आहेत का ते नीट तपासावं. संवेदनांवर आधारित थेरपी एकूण उपचारांचा भाग असू शकते, पण तिच्या उपयोगाबद्दलचं संशोधन मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगावं, असंही त्यांनी म्हटलं. याउलट त्याच डीएसएम-5 ने आवाज, स्पर्श, प्रकाश यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांमध्ये पहिल्यांदा घातलं. म्हणजे वाद आहे तो नावाबद्दल, हे स्वतंत्र निदान मानावं की नाही याबद्दल. मुलांना असं होतं की नाही, याबद्दल नाही. जाऊबाईंना म्हणा, ‘तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, आजाराच्या नावावर डॉक्टरांचं एकमत नाही. मीही तिला आजारी म्हणत नाही. तिला मिक्सरचा त्रास होतो, एवढंच म्हणते.’ तीन वाक्यांत वादाचा मुद्दाच उरत नाही.

यातलं एक तुमच्यासाठीही आहे. विकासाची सगळी तपासणी झाली आहे का? ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), चिंता या दिशेने कुणी नीट पाहिलं आहे का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते. झाली नसेल तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना गाठा. संवेदनांचा वेगळेपणा असलेलं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण अंदाजावरही राहू नका. आणि थेरपी सुरू असेल तर थेरपिस्टना विचारा: तीन महिन्यांनी नेमकं काय बदललेलं दिसायला हवं? ‘नखं कापताना रडणं दहा मिनिटांवरून दोनवर’ असं मोजता येणारं उत्तर हवं.

‘तू लाडावून ठेवलंयस’ याचं काय करायचं? हे वाक्य तुमच्याआधी फार जणींनी ऐकलं आहे, आणि तेही मोठमोठ्या तज्ज्ञांच्या तोंडून. विसाव्या शतकाच्या मध्याला ऑटिझम आईच्या थंडपणामुळे होतो असं छातीठोकपणे सांगितलं जायचं. अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ असं नावच पडलं होतं. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. त्यांनी 1964 साली ही समजूत खोडून काढली, तरीही ती पुढे कितीतरी वर्षं आयांना छळत राहिली. मुलाचं अंग वेगळं वागलं की बोट आईकडे जातं, ही जुनी खोड आहे. तुमच्या घरातही तीच डोकावते आहे. शिवण टोचू नये म्हणून तुम्ही तिला मोजे उलटे करून घातलेत, तर तो लाड नव्हे. चष्मा लागलेल्या मुलाला चष्मा दिला तर त्याला कुणी लाडावलेला म्हणत नाही.

तरीही तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. तुमची मुलगी हट्टसुद्धा करत असणार, कारण ती सहा वर्षांची आहे. हट्टात मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघत असतं, आणि हवं ते मिळालं की पाच मिनिटांत हसतं. अनावर झालेलं मूल, ज्याला पालक आता मेल्टडाउन म्हणतात, ते काही मागतच नसतं. हवं ते दिलं तरी थांबत नाही, आणि ओसरल्यावर गळून जातं, कधी झोपीही जातं. दोन्ही एकमेकांत मिसळतातही. हट्टाने सुरू झालेलं अनावर होऊन संपतं. पण खाऊच्या हट्टालाही ‘तिला सेन्सरी आहे’ म्हणालात, तर पुढच्या वेळी खरं सांगाल तेव्हाही सासूबाई ऐकणार नाहीत. घरात तुमच्या शब्दाची किंमत राहायला हवी असेल, तर ‘हा हट्ट आहे, याला मी नाही म्हणणार’ हेही त्यांच्यासमोर म्हणत चला.

आणि सगळंच टाळत गेलं तर तिचं जग लहान होत जाईल, ही घरच्यांची भीती अनाठायी नाही. कानांवरचे हेडफोन गोंगाटासाठी ठेवा, घरात दिवसभर नको. सतत कान झाकले की साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. मिक्सर आज दुसऱ्या खोलीतून ऐकला, पुढच्या आठवड्यात दारातून, मग बटण स्वतः दाबून. ‘तुम्हाला वाटतं तिने शिकावं, मलाही तेच वाटतं, फक्त पायऱ्या जरा लहान ठेवू या,’ असं म्हणा. यात खोटं काहीच नाही.

मैत्रिणीबद्दल थोडक्यात. तिच्या घरी मागच्या वेळी काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिला बहुधा मुलीचा राग आलेला नसावा. पुन्हा तसं झालं तर काय करायचं, हे तिला कळत नसेल. पुढाकार तुम्ही घ्या. तासाभराचीच भेट ठरवा, तिच्या घरी नको, बागेत. मुलगी अस्वस्थ झाली तर मीच तिला घेऊन बाजूला जाईन, तू काही करू नकोस, हे आधीच सांगा. बाहेर भेटणार असाल तर स्वच्छतागृहात हात वाळवणारं यंत्र कुठे आहे ते तेवढं पाहून ठेवा. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने या यंत्रांचा आवाज लहान मुलांच्या कानाच्या उंचीवर मोजला. तिचा अभ्यास 2019 साली तिथल्या बालरोगाच्या नियतकालिकात छापून आला. काही यंत्रं 100 डेसिबलच्या वर गेली होती. मोठ्या माणसाचे कान यंत्रापासून वर असतात, मुलाचे त्याच्या तोंडाशी. तुमची मुलगी तिथे कान झाकते तेव्हा ती अतिशयोक्ती करत नाही. हात टॉवेलला पुसा आणि बाहेर या.

नवऱ्याचं मात्र सोडून देऊ नका. सासूबाईंशी त्यांच्या मुलानेच बोलायला हवं. सून म्हणून तुम्ही बोललात की तीच गोष्ट तक्रार होते. तेच तो बोलला की घरातली माहिती होते. ‘तू माझी बाजू घे’ असं त्याला सांगू नका, त्याने त्याला आई आणि बायको यांच्यात निवड करायला लावल्यासारखं वाटतं. नेमकं वाक्य द्या: ‘आई, हिला मागून हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. हे मी ठरवलंय.’ एवढंच, आणि तुम्ही खोलीत नसताना. आणि हे सगळं बोलणं मुलीच्या कानाआड व्हावं, हे फार महत्त्वाचं. सहा वर्षांचं मूल स्वतःबद्दलचा प्रत्येक शब्द गोळा करत असतं. तिच्यादेखत कुणी ‘नाटकी’ म्हणालंच, तर वाद घालू नका. तिच्याकडे बघून शांतपणे म्हणा, ‘तुला खरंच टोचतं, मला माहीत आहे.’ उत्तर समोरच्याला द्यायचं नाही, तिला द्यायचं.

आता ते दोन दिवस. सगळ्यांना लांबलचक लेख पाठवू नका, कुणी वाचत नाही. आठवडाभर आधी एक छोटा निरोप पाठवा, नवऱ्याच्या नावाने गेला तर उत्तम. साधारण असा: ‘आम्ही येतोय, मुलगी फार खूश आहे. तिला अचानक स्पर्श आणि मोठा आवाज त्रासाचा होतो, त्यामुळे तीन गोष्टी सांभाळाल का? पापा किंवा मिठी तिला विचारून. फुगे फोडण्याआधी किंवा स्पीकर लावण्याआधी आम्हाला सांगा. ती मध्येच उठून खोलीत गेली तर मागे जाऊ नका, दहा-पंधरा मिनिटांत ती आपणहून येईल.’ कारणं लिहू नका. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

त्या घरात पोचल्यावर माणसांना भेटण्याआधी तिला घेऊन एक शांत खोली बघून घ्या. दार उघडायचं-लावायचं तिलाच करू द्या. तिची नेहमीची चादर तिथे ठेवा. बाहेर यायची वेळ झाली की हाका मारायला कुणाला पाठवू नका, तुम्हीच दारावर दोनदा टकटक करा आणि थांबा. घोळक्यात शिरण्याआधी तिला तुमचा हात दोन्ही हातांनी ओढू द्या, किंवा भिंत ढकलायला सांगा, पूर्ण जोर लावून, दहा आकडे होईपर्यंत. स्नायूंना असा जोर मिळाला की बऱ्याच मुलांना बरं वाटतं. जाऊबाई विचारतील, हे काय चाललंय. त्यांना म्हणा, ‘या, तुम्हीपण ढकला.’